नाव विझवण्याचा कायदा

१६०२ सालचा उन्हाळा सरत असताना लॉर्ड माउंटजॉय हा इंग्रज सेनापती आयर्लंडच्या उत्तरेला, टायरोन प्रांतातल्या टुलाहोगच्या टेकडीवर आपले सैन्य घेऊन पोहोचला. टेकडीवर मोठा कोट नव्हता की खजिना नव्हता. तिथे ओबडधोबड शिळांचे एक आसन होते. माउंटजॉयच्या हुकुमावरून ते फोडून टाकण्यात आले.

नऊ वर्षांच्या युद्धाने थकलेल्या सैन्याने दगड फोडण्यात वेळ का घालवावा? कारण या आसनावर बसवलेला माणूस त्या क्षणापासून ‘ओ’नील’ होत असे. इंग्लंडच्या राज्यकर्त्यांना त्या एका नावाची अनेक वर्षे धास्ती होती. १५६९ साली डब्लिनच्या संसदेने तर ‘ओ’नील’ हे नाव विझवून टाकण्याचा कायदाच केला होता. यापुढे जो कोणी हे नाव धारण करील, तो राजद्रोही ठरेल, असे त्यात होते. जगात पुष्कळ राजघराणी बुडवली गेली, पण एखाद्या घराण्याच्या नावावरच असा कायदा चालवल्याची उदाहरणे थोडी. ओ’नील या आडनावाची कथा म्हणूनच आयर्लंडच्या हजार वर्षांच्या इतिहासाच्या मधोमध उभी आहे.

काळ्या गुडघ्याचा राजा

आयर्लंडच्या दंतकथांत ‘नऊ ओलिसांचा निआल’ नावाचा एक राजा येतो. आपल्या अंकित राज्यांकडून त्याने नऊ ओलीस ठेवून घेतले होते, म्हणून हे बिरुद. तो पाचव्या शतकाच्या आसपास होऊन गेला असावा. मात्र त्याच्याविषयीच्या बहुतेक गोष्टी पुढे शेकडो वर्षांनी, त्याच्या वंशजांच्या सोयीने रचल्या गेल्या. हे वंशज ‘ई नील’ म्हणजे निआलचे वंशज म्हणून ओळखले जात. त्यांच्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या शाखांनी टाराचे, म्हणजे आयर्लंडमधले सर्वांत मानाचे राजेपद कित्येक पिढ्या आळीपाळीने भोगले.

आडनाव मात्र या निआलवरून आलेले नाही. ते आले त्याच कुळातल्या, पण सुमारे पाचशे वर्षांनंतरच्या दुसऱ्या एका निआलवरून. त्याला ‘निआल ग्लूनडुव’, म्हणजे काळ्या गुडघ्याचा निआल म्हणत. ९१६ साली तो टाराचा राजा झाला. त्या काळी डब्लिन हे व्हायकिंग लोकांचे ठाणे होते. ते मोडून काढण्यासाठी त्याने ९१९ च्या सप्टेंबरात डब्लिनवर चाल केली. लिफी नदीकाठच्या लढाईत सिट्रिक या व्हायकिंग राजाच्या सैन्याने त्याचा पराभव केला. निआल पडला आणि त्याच्याबरोबर अनेक लहानमोठे राजेही पडले.

त्याचा नातू डोनल पुढे राजा झाला आणि ९८० मध्ये आर्माला वारला. जुन्या आयरिश भाषेत ‘मॅक’ म्हणजे मुलगा आणि ‘उआ’ म्हणजे नातू. याच ‘उआ’चा पुढे ‘ओ’ झाला. डोनलची ‘उआ नील’ अशी नोंद झाली तेव्हा तिचा अर्थ अक्षरशः खरा होता. पण त्याच्या मुलांनी आणि नातवंडांनीही तेच नाव पुढे चालवले. ते निआलचे नातू नव्हते, पतवंडे-खापरपतवंडे होते. नातेसंबंध सांगणारा शब्द असा गोठला आणि आडनाव तयार झाले. बापाच्या नावाऐवजी पिढ्यान्‌पिढ्या एकच कुलनाम लावण्याची रीत युरोपात जिथे सर्वांत आधी रुजली, त्या प्रदेशांत आयर्लंडची गणना होते. १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या रणात मारल्या गेलेल्या ब्रायन बोरू राजाने फर्मान काढून ही आडनावे सुरू केली, अशी आख्यायिका आहे. पण डोनलचे उदाहरण त्याआधीचे आहे. आडनावे फर्मानाने आली नाहीत. आपण कोणत्या पराक्रमी पुरुषाच्या वंशातले, हे सांगून जमिनीवर हक्क दाखवण्याच्या गरजेतून ती आली.

नुसतेच ‘ओ’नील’

ओ’नील घराण्यात शेकडो पुरुष होते आणि सगळ्यांचेच कुलनाम ओ’नील होते. त्यांना शेन ओ’नील, ह्यू ओ’नील, ब्रायन ओ’नील असे म्हणत. पण पुढे-मागे काहीही न लावता नुसते ‘ओ’नील’ म्हणवून घेण्याचा अधिकार एका वेळी एकालाच असे. तो कुळाचा प्रमुख आणि टायरोनचा धनी. त्याच्यापुढे स्वतःचे पाळण्यातले नाव गळून पडे.

हा अधिकार टुलाहोगला मिळे. घराण्याचे वारस मोजण्याची आयरिश रीत इंग्रजांहून वेगळी होती. थोरला मुलगा आपोआप गादीवर येत नसे. एका पूर्वजापासून चार पिढ्यांच्या आतला कोणताही कर्ता पुरुष उमेदवार असू शके. आप्त आणि सरदार त्यांतून एकाला निवडत. परिणामी पराक्रमी माणूस पुढे येई, पण काका-पुतण्या आणि चुलतभाऊ यांच्यात तलवारी निघत. भाऊबंदकीने राज्ये कशी पोखरतात, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. निवड झाली की टेकडीची राखण करणारे ओ’हेगन आणि मुख्य मांडलिक असलेले ओ’काहन हे दोघे मानकरी पुढे होत. नव्या प्रमुखाच्या डोक्यावरून एक पादत्राण फेकले जाई आणि मोठ्याने त्याचे नाव पुकारले जाई. ती हाक हाच राज्याभिषेक. रिचर्ड बार्टलेट या इंग्रज नकाशाकाराने १६०२ च्या सुमारास काढलेल्या चित्रात हे दगडी आसन आणि हा विधी अजून पाहायला मिळतो.

या हाकेमागे किती मोठा दावा होता ते १३१७ मध्ये दिसले. तेव्हाचा डोनल ओ’नील स्कॉटलंडच्या एडवर्ड ब्रूसच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध लढत होता. त्याने पोप बाविसावे जॉन यांना लॅटिनमध्ये लांबलचक तक्रारपत्र धाडले. त्यात त्याने स्वतःला अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांताचा राजा आणि वारसाहक्काने अवघ्या आयर्लंडचा खरा वारस म्हटले आणि इंग्रजांच्या जुलमांची यादी दिली.

ग्रीनिचची सोन्याची साखळी

१५४१ मध्ये आठव्या हेन्रीने स्वतःला आयर्लंडचा राजा म्हणून जाहीर करवून घेतले. पण आयरिश सरदारांना एकेक करून जिंकणे फार खर्चाचे होते. म्हणून एक युक्ती काढली गेली. सरदाराने आपला मुलूख राजाच्या पायी अर्पण करायचा, राजाने तोच मुलूख सनदेने त्याला परत द्यायचा आणि सोबत इंग्रजी किताब द्यायचा. त्यासाठी आयरिश नाव, आयरिश पोशाख आणि आयरिश वारसापद्धत सोडणे ही अट होती. कॉन बाकाख, म्हणजे लंगडा कॉन, हा तेव्हा ओ’नील होता. १ ऑक्टोबर १५४२ रोजी ग्रीनिचच्या राजवाड्यात त्याने ‘ओ’नील’ या नावावर पाणी सोडले. हेन्रीने त्याच्या गळ्यात सोन्याची साखळी घातली आणि तो ‘अर्ल ऑफ टायरोन’ होऊन परतला.

इंग्रजी कायद्यानुसार आता वारस आधीच ठरवणे भाग होते. कॉनने मॅथ्यू नावाच्या मुलाचे नाव दिले. हा मॅथ्यू डंडॉकच्या एका लोहाराच्या घरी वाढलेला. सोळाव्या वर्षाच्या आसपास त्याच्या आईने तो कॉनचा मुलगा असल्याचे सांगितले होते. कॉनचा औरस मुलगा शेन हे मान्य करणे शक्यच नव्हते. १५५८ मध्ये शेनच्या माणसांनी मॅथ्यूला ठार केले. पुढच्या वर्षी कॉन वारला आणि शेनने टुलाहोगला जाऊन ‘ओ’नील’ हे नाव घेतले.

शेनचा युक्तिवाद धारदार होता. माझ्या बापाला मुलुखावर फक्त हयातीपुरता हक्क होता, मग जे त्याचे नव्हतेच ते त्याने राजाला दिले कसे, असे तो विचारी. मी लोकांनी निवडलेला ओ’नील आहे, हा त्याचा दावा होता. १५६२ च्या जानेवारीत तो लंडनला एलिझाबेथ राणीसमोर हजर झाला. त्याच्याबरोबर ‘गॅलोग्लास’ हे परशुधारी योद्धे होते. त्यांची डोकी उघडी, केस खांद्यावर आलेले आणि अंगात केशरी सदरे. लंडनकर त्यांना पाहायला लोटले. शेनने राणीपुढे लोटांगण घातले आणि आपली कबुली आयरिश भाषेत दिली. घरी परतल्यावर त्याने पुन्हा स्वतःच्याच मर्जीने कारभार सुरू केला. त्याने अँट्रिमच्या मॅकडॉनल सरदारांना चिरडले. पण १५६७ च्या मे महिन्यात ओ’डॉनल कुळाने त्याची फौज बुडवली. आश्रयासाठी तो त्याच मॅकडॉनलांकडे गेला आणि जून महिन्यात कुशेंडनजवळ त्यांच्याच हातून मारला गेला. त्याचे मुंडके डब्लिनच्या किल्ल्यावर खांबाला टांगले गेले.

दोन वर्षांनी संसदेने तो कायदा केला. त्यात मेलेल्या शेनला राजद्रोही ठरवून त्याचा मुलूख राणीच्या नावे केला होता. त्यासाठी गुरमंड या दंतकथेतल्या ब्रिटिश राजापर्यंत मागे जाऊन आयर्लंडवरचा इंग्लंडचा हक्क ‘सिद्ध’ केला होता. त्यातच ‘ओ’नील’ हे नाव कायमचे विझवण्याचे कलम होते. कायदा करणाऱ्यांचे निदान अचूक होते. सनद राजा देऊ शकत होता आणि काढूनही घेऊ शकत होता. टुलाहोगची हाक मात्र त्याच्या हातात नव्हती. तिला लंडनच्या शिक्क्याची गरजच नव्हती.

ह्यूची दोन नावे

मारल्या गेलेल्या मॅथ्यूचा मुलगा ह्यू. तो इंग्रजांच्या छायेत वाढला, त्यांची भाषा आणि लष्करी रीत शिकला, त्यांच्या बाजूने लढला आणि टायरोनचा अर्ल झाला. राणीच्या सल्लागारांना हा आपला माणूस वाटत होता. १५९१ मध्ये त्याने मेबल बॅग्नलला पळवून नेऊन तिच्याशी लग्न केले. तिचा भाऊ हेन्री बॅग्नल हा आयर्लंडमधल्या राणीच्या फौजेचा मार्शल होता. तो कायमचा वैरी झाला.

१५९५ मध्ये शेननंतर ‘ओ’नील’ झालेला म्हातारा टर्लोक वारला आणि ह्यू टुलाहोगच्या आसनावर बसला. कायद्याने मनाई केलेले नाव एका इंग्रजी अर्लने उघडपणे घेतले. आता माघार नव्हती. १४ ऑगस्ट १५९८ रोजी आर्माजवळ ‘यलो फोर्ड’च्या लढाईत त्याने सुमारे चार हजारांची इंग्रज फौज फोडली. हेन्री बॅग्नल तिथे पडला. आयर्लंडमध्ये इंग्रजांचा एवढा मोठा पराभव त्याआधी झाला नव्हता. पुढच्या वर्षी अर्ल ऑफ एसेक्स प्रचंड सैन्य घेऊन आला आणि एका नदीच्या उतारावर ह्यूशी तह करून परत गेला.

१६०१ च्या सप्टेंबरात स्पेनची तीन-साडेतीन हजारांची कुमक आली, पण ती उतरली थेट दक्षिण टोकाला, किन्सेलला. ह्यूला भर हिवाळ्यात अवघा देश ओलांडून तिच्याकडे जावे लागले. दलदली, राने आणि गनिमी काव्यावर पोसलेली त्याची फौज मोकळ्या मैदानात उभी राहिली आणि २४ डिसेंबरला काही तासांत मोडली. त्यानंतर माउंटजॉयने अल्स्टरमधली उभी पिके जाळली, लोक उपासमारीने मेले आणि टुलाहोगचे आसन फुटले.

३० मार्च १६०३ रोजी मेलिफाँट येथे ह्यूने गुडघे टेकले. अर्लपद आणि बराचसा मुलूख त्याला मिळाला. ‘ओ’नील’ हे नाव मात्र त्याला सोडावे लागले. एलिझाबेथ राणी सहा दिवसांपूर्वीच वारली होती. माउंटजॉयला ते ठाऊक होते, पण त्याने ते लपवून ठेवले. डब्लिनला गेल्यावर ह्यूला बातमी कळली तेव्हा तो सर्वांसमोर रडला.

पुढची चार वर्षे कोर्टकज्ज्यांत आणि संशयात गेली. सर आर्थर चिचेस्टर हा राजाचा प्रतिनिधी त्याच्या हक्कांना एकेक करून कात्री लावत होता. १६०७ च्या सप्टेंबरात रॅथमलनच्या किनाऱ्यावरून सुमारे शंभर माणसे एका गलबतावर चढली. ह्यू आणि ओ’डॉनल कुळाचा प्रमुख रोरी त्यांत होते. रीतीप्रमाणे दुसऱ्या कुटुंबात वाढायला ठेवलेला ह्यूचा लहानगा मुलगा कॉन वेळेवर सापडला नाही. तो मागेच राहिला. इंग्रजांनी त्याला ईटनच्या शाळेत आणि पुढे लंडनच्या टॉवरमध्ये ठेवले. ह्यू २० जुलै १६१६ रोजी रोममध्ये वारला आणि सान पिएत्रो इन मोंतोरिओच्या चर्चमध्ये पुरला गेला.

इकडे अल्स्टरचे सहा परगणे जप्त झाले. इंग्लंड-स्कॉटलंडमधून प्रोटेस्टंट वसाहतवाले आणून तिथे बसवण्यात आले. आजच्या उत्तर आयर्लंडचा प्रश्न त्याच वाटपातून जन्माला आला. १६४६ मध्ये ह्यूचा पुतण्या ओवेन रो याने बेनबर्ब येथे स्कॉटिश फौजेवर मोठा विजय मिळवला. पण १६४९ मध्ये तोही वारला आणि इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या स्वारीपुढे सारे कोलमडले.

गेलेले आणि परत आलेले ‘ओ’

आयरिश नावांवरचा दाब नवा नव्हता. डब्लिनच्या भोवतालच्या इंग्रजी अमलाखालच्या प्रदेशात राहणाऱ्या आयरिश माणसांनी गावावरून, रंगावरून किंवा धंद्यावरून इंग्रजी आडनाव घ्यावे, असा हुकूम १४६५ मध्येच निघाला होता. पण सतराव्या-अठराव्या शतकांत, कॅथलिकांकडून जमीन आणि पदे काढून घेतली गेली तेव्हा, फर्मान न निघताही लोकांनी आपणहून ‘ओ’ आणि ‘मॅक’ टाकले. ओ’नीलचा नील झाला, नेल झाला. कारकुनाच्या कानाला जसे ऐकू येईल तसे स्पेलिंग पडले.

देश सोडून गेलेल्यांनी मात्र ‘ओ’ जपला. दुसऱ्या राजांच्या सैन्यात गेलेल्या आयरिश लढवय्यांना ‘रानहंस’ म्हणत. डब्लिनमध्ये जन्मलेला आर्तुरो ओ’नील स्पेनच्या चाकरीत चढत जाऊन पश्चिम फ्लोरिडाचा गव्हर्नर झाला. ओ’नीलांच्या क्लॅन्डेबॉय शाखेचे वंशज लिस्बनला स्थायिक झाले. पोर्तुगालचा नामवंत कवी आलेशांद्रे ओ’नील त्याच घराण्यातला.

आयर्लंडमध्ये ‘ओ’ परतला तो १८९३ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीगनंतर. भाषेच्या चळवळीबरोबर लोक गळून गेलेले उपपद पुन्हा लावू लागले. आयरिश घराण्यांचे मोठे संशोधक एडवर्ड मॅकलायसाट यांनी स्वतःच्या घरच्या ‘लायसाट’ या नावाला ‘मॅक’ जोडून घेतले होते. १८९० च्या जन्मनोंदींवरून काढलेल्या यादीत ओ’नील हे आयर्लंडमधले दहाव्या क्रमांकाचे आडनाव होते. यातले सगळे टायरोनच्या राजांचे वंशज नाहीत. दक्षिणेतही ओ’नील नावाची स्वतंत्र कुळे होती आणि मोठ्या घराण्याच्या आश्रयाला असलेल्या माणसांनीही ते नाव घेतले असणार.

या नावाच्या नंतरच्या प्रवासात मला तीन टप्पे विशेष बोलके वाटतात. पहिला १८५५ चा. लॉख नेच्या काठच्या शेन्स कॅसलचे ओ’नील निपुत्रिक वारले आणि इस्टेट विल्यम चिचेस्टर या नातलगाकडे गेली. त्याने सरकारी परवान्याने ओ’नील हे आडनाव घेतले. हा विल्यम कोण? ज्या आर्थर चिचेस्टरने ह्यूला देशोधडीला लावले, त्याच्या भावाचा वंशज. याच घराण्यातले टेरेन्स ओ’नील १९६३ मध्ये उत्तर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी आयरिश प्रजासत्ताकाचे पंतप्रधान शॉन लेमास यांना बेलफास्टला बोलावले. आयर्लंडच्या फाळणीनंतर चार दशकांनी दोन्हीकडचे प्रमुख प्रथमच असे उत्तरेत भेटत होते.

दुसरा टप्पा अमेरिकेतला. दुष्काळाच्या काळात किल्केनी परगण्यात जन्मलेला जेम्स ओ’नील लहानपणी समुद्र ओलांडून गेला आणि नट झाला. त्याचा मुलगा युजीन ओ’नील, १९३६ चा नोबेल विजेता नाटककार. युजीनने ‘लाँग डेज जर्नी इंटू नाइट’ या नाटकात आपल्याच घरची कहाणी मांडली, तेव्हा त्या कुटुंबाला आडनाव दिले टायरोन. ओ’नीलांचा जुना मुलूख त्याने कुटुंबाच्या नावात परत आणला.

तिसरा टप्पा ३ फेब्रुवारी २०२४ चा. त्या दिवशी टायरोनमध्ये वाढलेल्या मिशेल ओ’नील उत्तर आयर्लंडच्या फर्स्ट मिनिस्टर झाल्या. अल्स्टरमध्ये ब्रिटिश निष्ठावंतांचे वर्चस्व राहावे म्हणून आखलेल्या या प्रांतात त्या पदावर आलेल्या त्या पहिल्याच आयरिश राष्ट्रवादी. त्यांचे हे आडनाव लग्नाने आलेले आहे.

एकाला ते इस्टेटीसोबत मिळाले, एकाला स्थलांतरित बापाकडून, एकीला लग्नातून. टुलाहोगच्या सरदारांनी यांपैकी कुणालाही आसनावर बसवले नसते. ‘ओ’नील’ हे एकाच पुरुषाचे पद होते तोवर राजसत्तेला ते हेरता येत होते, त्यावर बंदी घालता येत होती, त्याचे आसन फोडता येत होते. ते पद खरोखरच मेले. कायद्याने आणि युद्धाने मिळून ते मारले. पण त्याच घावात नाव त्या एका माणसापासून सुटले आणि शेतकऱ्यांचे, शिपायांचे, नटांचे, कवींचे, शेवटी शत्रूच्या वंशजांचेसुद्धा झाले. इतक्या जणांच्या तोंडी आणि सहीत पसरलेले नाव विझवायला कोणत्याही संसदेचा हात पुरत नाही. रक्ताची शुद्धता दाखवून हे आडनाव टिकलेले नाही. दर पिढीत कुणीतरी ते आपले म्हणून उचलले, म्हणून ते आज हजार वर्षांचे झाले आहे.